आवाजाची खोली

दिवा राहू दे. तुमच्या डोळ्यांवर येतोय, कळतंय मला. पण सांगून होईपर्यंत राहू दे.

मी तिथे गेले होते ती पुस्तकं द्यायला. आमचे हे जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांची अभियांत्रिकीची जाडजाड पुस्तकं दोन पिशव्यांत भरली आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात घेऊन गेले. ग्रंथपाल यादी करत होता आणि मी एकेक नाव वाचून दाखवत होते. शेजारी एक बाई कसला तरी अर्ज हातात धरून उभ्या होत्या. यादी संपली तशा म्हणाल्या, "तुमचा आवाज फार स्वच्छ आहे. आमच्याकडे वाचायला याल का?"

त्या विद्यार्थी साहाय्य केंद्राच्या प्रमुख होत्या. एवढं थोरलं विद्यापीठ, तीस हजार मुलं. कोणाला वसतिगृहात जागा नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणी परीक्षेच्या आधी रडून रडून अर्धं झालंय. अशी सगळी मुलं त्यांच्या दारात. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकं वाचून, ध्वनिमुद्रण करून द्यायची असतात. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले. रिकामं घर खायला उठतं म्हणतात ना, माझ्या घरानं मला चावून चोथा केला होता. लेक दूरच्या शहरात. रविवारी फोन करते, तोही जावयांचा चहा होईपर्यंत.

वाचायची खोली ग्रंथालयाच्या खाली होती, दोन जिने उतरून. भिंतींना करड्या रंगाचा खडबडीत स्पंज. खिडकी नाही. वास कसा, तर जुन्या उशीला ऊन दाखवल्यावर येतो तसा. दार वीतभर जाड. ते लावलं की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. टाळी वाजवली तर ती हातातल्या हातात मरायची. एक टेबल, त्यावर माइक, कानाला लावायचे हेडफोन, मान वाकवता येणारा दिवा आणि संगणक. वाचून झालं की बटण दाबायचं. ते वाचन आपोआप त्या त्या मुलाच्या खात्यात जाऊन पडायचं. मोबाइलनं माइकमध्ये खरखर येते, म्हणून तो वर कपाटात ठेवून खाली जायचं. आणि खुर्च्या दोन होत्या. दुसरी कशाला, म्हणून मी शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "पहिल्यापासून आहे."

मी जिच्यासाठी वाचायचे ती मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. जन्मापासून दिसत नव्हतं, पण बोलण्यात कोणाला हार जायची नाही. खानावळवाल्याशी भांडायची, वसतिगृहाच्या पहारेकऱ्याशी वाद घालायची. मी तिला वकिलीणबाई म्हणायचे, ती मला मावशी. समोरासमोर आम्ही दोनदाच भेटलो होतो. पण रोज रात्री ती माझं वाचन ऐकायची आणि सकाळी फोन करायची. "मावशी, काल मध्येच 'थांब हं, चष्मा पुसते' म्हणालात ते काढू नका. तेवढंच मला बरं वाटतं."

पुराव्याच्या कायद्याचं सहाशे पानांचं पुस्तक होतं. परीक्षेला तीन आठवडे. मी रोज अकरा ते चार वाचत होते. एके सकाळी तिचा फोन आला.

"मावशी, काल तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कोण असणार? मी आणि हे तुझं पुस्तक."

"नाही, कोणीतरी आहे. तुम्ही पान उलटायच्या जरा आधी एक पान उलटल्याचा आवाज येतो. रोज येतो. मला वाटलं, तुमच्या मदतीला कोणी दिलंय."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी खाली गेल्यावर कालचं वाचन हेडफोन लावून ऐकलं. माझा आवाज, माझं पाणी पिणं. मग पान संपत आलं, आणि कागद सरकल्याचा हलका आवाज आला... त्यानंतर माझं पान उलटलं. मी हेडफोन काढून ठेवले. यंत्राचा दोष असेल, एकाचे दोन आवाज होत असतील, अशी मनाची समजूत घातली.

चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन. या वेळी आवाज लहान झाला होता.

"दोनशे बारावं पान वाचताना एक ओळ गाळलीत तुम्ही."

"अगंबाई! परत वाचते."

"नको. ती ओळ आहे त्यात. ती... दुसऱ्या बाईंनी वाचलीय."

मी शिपायाला गाठलं. तीस वर्षं नोकरी झालेला, गप्पिष्ट माणूस. पण माझ्याआधी तिथे कोण वाचायचं, असं विचारताच झाडायला लागला. मी तिथून हललेच नाही, तेव्हा केरसुणी टेकवून बोलला.

"आधीच्या एक बाई होत्या. वीस वर्षं वाचलं त्यांनी. एकट्या होत्या. डबासुद्धा खालीच खायच्या. एकदा सलग चार दिवस सुट्टी आली. सुट्टीनंतर मीच दार उघडलं... टेबलावर डोकं ठेवून झोपल्यासारख्या बसल्या होत्या. यंत्र चालूच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं."

"चार दिवस कोणी शोधलं नाही?"

"शोधणार कोण बाई? घरी वाट बघणारं कोणी पाहिजे ना."

मी जिना चढून वर आले आणि उगाचच लेकीला फोन लावला. ती कामात होती.

तुम्ही म्हणाल, मग काम सोडायचं. सोडणार होते. पण पुस्तकाची शेवटची सत्तर पानं उरली होती आणि पोरीची परीक्षा तोंडावर. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, बसून संपवून टाकू आणि मग कानाला खडा, असं ठरवलं. ग्रंथालयात माणूस दिसत नव्हतं. मुलं घरी निघाली होती, जिन्यात त्यांच्या बॅगांच्या चाकांचा खडखडाट चालला होता. मी खाली उतरले, दार लावलं, आणि तो खडखडाट सुरीनं कापावा तसा थांबला.

चार वाजेपर्यंत पन्नास पानं झाली. पाणी संपलं होतं, म्हणून बाटली घेऊन उठले. दाराचा दांडा दाबला. दार हललं नाही. खांदा लावून पाहिलं. बाहेरून अडसर लागला होता.

आधी रागच आला. मग मी हाका मारल्या. पण त्या खोलीत हाक मारणं म्हणजे काय, ते सांगता येत नाही. तोंडातून आवाज निघतोय हे घशाला कळतं, पण तो कुठे जातच नाही. ओठांपाशीच विरून जातो. दारावर दोन्ही हातांनी बडवलं. तळहात लाल झाले. वर कोणाला ऐकू जाणार? आणि उद्यापासून नऊ दिवस सुट्टी. लेकीचा फोन रविवारी. मी उचलला नाही तर तिला वाटेल, आई बाहेर गेली असेल. आई कुठेच जात नाही, हे तिला कुठे माहीत होतं?

पाचावर धारण बसली माझी. मग एकदम सुचलं. माइक! मी बटण दाबलं आणि सांगितलं, "वकिलीणबाई, मी खाली अडकलेय. दार बाहेरून बंद आहे. कोणाला तरी पाठव गं." वाचन पाठवून दिलं. पाच मिनिटांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा पाठवलं. असं सात-आठ वेळा. ती कधी ऐकेल, हे देवालाच ठाऊक. मी हेडफोन लावून बसून राहिले, कारण त्यांत निदान माझा श्वास तरी ऐकू येत होता.

थोड्या वेळानं लक्षात आलं, की श्वास दोन आहेत.

माझा जोरात चालला होता. दुसरा सावकाश, अगदी सावकाश. मी माझा रोखून धरला. तो चालूच राहिला. दिव्याच्या उजेडाचं वर्तुळ टेबलापुरतं होतं, दुसरी खुर्ची त्याच्या बाहेर. मी तिकडे पाहिलं नाही. खरं सांगते, मान वळवायची ताकदच नव्हती.

मग हेडफोनमध्ये, कानाच्या अगदी आत, कोणीतरी म्हणालं, "थांबलात का?... वाचा ना."

बाईमाणसाचा आवाज होता. दरडावणं नव्हतं त्यात. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची म्हातारी 'बसा ना जरा' म्हणते, तसा.

"मला घरी जायचंय," मी म्हणाले.

श्वास तसाच सावकाश चालला होता. मग, "कोण आहे घरी?"

 तुम्ही असतात तर उत्तर दिलं असतंत कदाचित.

समोरचं पान आपोआप उलटलं. वारा नव्हता, यायला वाटही नव्हती. आणि मी वाचायला लागले. एक परिच्छेद मी, एक ती. तिचे उच्चार फार सुंदर होते हो. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणाच्या तरी शेजारी बसून काहीतरी करत होते. भूक नाही, तहान नाही. पुस्तक संपलं, तर पान उलटून पहिल्यापासून सुरू झालं. दोन रात्री गेल्यात असं मला वाटत होतं. मधेच जाणवलं, की आता मी वाचत नाहीये, फक्त ओठ हलताहेत. माझा आवाज त्याचा तोच चालला होता.

आणि दार उघडलं.

बाहेरचा उजेड, जिन्यातला गार वास, पहारेकऱ्याची शिट्टी, आणि त्याच्यापुढे काठी आपटत आत शिरलेली माझी वकिलीणबाई. तिनं चाचपडत माझा खांदा धरला तो इतका घट्ट, की चार दिवस वळ होता. बाहेर जिन्यातल्या घड्याळात त्याच दिवशीचे रात्रीचे नऊ वाजले होते.

वर आणून मला पाणी पाजलं. जिवात जीव आल्यावर मी म्हणाले, "ऐकलास ना माझा निरोप?"

"कसला निरोप?"

"अडकलेय म्हणून सांगितलं ते. सात-आठदा पाठवलं."

तिनं चाचपून माझा हात धरला. मग म्हणाली, "मावशी, त्यात निरोप नव्हता. नुसतं वाचन होतं. तासभर सलग ऐकलं मी. चूक नाही, अडखळणं नाही. पण तुम्ही एकदाही मध्ये काही बोलला नाहीत. चष्मा नाही, 'बाई गं, केवढं हे वाक्य' नाही. तुम्हाला कोणी त्यातून पुसून काढल्यासारखं वाटलं. फोन केला तर उचलेनात. म्हणून या पहारेकरी काकांशी भांडून त्यांना घेऊन आले."

शिपायाला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. बिचारा शपथा घ्यायला लागला. म्हणाला, "जिन्यावरून हाक मारून विचारलं मी, कोणी राहिलंय का म्हणून. खालून बाईंचाच आवाज आला, सगळे गेले, लावा अडसर."

केंद्रप्रमुखांनी ती खोली बंद केली. माइक, संगणक, सगळं वर हलवलं. आता तिथे फुटक्या बाकांची अडगळ आहे. वकिलीणबाई परीक्षेत चांगली पास झाली. आता दूरच्या एका न्यायालयात उभी राहते, आणि न्यायाधीशांनाही बोलू देत नसेल. मी काम सोडलं. त्यालाही आता वर्ष झालं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. खुशीत होती. "मावशी, पुन्हा वाचायला लागलात? मला सांगितलंही नाहीत!"

"मी? नाही गं."

"माझ्या जुन्या खात्यात रोज नवीन वाचन येतंय. कसलंसं अभियांत्रिकीचं पुस्तक आहे, मला त्यातलं काही कळत नाही. पण आवाज तुमचाच आहे, मी शंभरात ओळखेन. मध्येच 'थांब हं' म्हणता, चष्मा पुसता..."

मी कसंबसं विचारलं, "आणि त्या दुसऱ्या बाई?"

"त्या नाहीत आता," ती म्हणाली. मग बहुतेक तिच्याही ध्यानात आलं, कारण पुढचं ती अगदी हळू बोलली. "आता तुम्ही एकट्याच वाचता."

तिनं ते खातं बंद करून टाकलं. मला म्हणाली, विसरून जा. मीही विसरायचं ठरवलंय. घरात बसून असते. टीव्ही लावत नाही, फोनवरही हूं-हूं करते, दिवसचे दिवस तोंडातून चार शब्द निघत नाहीत. आज तुम्ही आलात म्हणून एवढं बोलले.

पण रोज संध्याकाळी, चारच्या सुमाराला, माझा घसा बसलेला असतो.