गोजरामावशीचा डावा कान

कान बनवणं नाक बनवण्यापेक्षा कठीण. नाकाकडे लोक समोरून बघतात, कानाकडे कुठूनही. सानपाडा स्टेशनपासून पाच मिनिटांवर, एका डेंटल लॅबच्या वरच्या मजल्यावर आमचं युनिट आहे. अपघातात किंवा ऑपरेशनमध्ये ज्यांचा कान, नाक, बोट गेलंय त्यांना आम्ही सिलिकॉनचं करून देतो. मी कॉम्प्युटरवर आकार घडवते, रंगवते. निकेश सिलिकॉन ओततो.

दिवाळे गावच्या गोजरामावशी एप्रिलमध्ये आल्या. बावन्न वर्षांच्या, मासळी विकणाऱ्या. डाव्या कानामागे तिळाएवढा काळा डाग उठला, तो कॅन्सर निघाला आणि अख्खा कान काढावा लागला. त्यानंतर आठ महिने त्या बाजारात बसल्या नव्हत्या. आल्या त्याही पदर डोक्यावरून गच्च ओढून.

"अकरा मेला माज्या कल्पेशची हलद हाय," त्या म्हणाल्या. "पोराच्या हलदीला आईस तोंड झाकून बसल का? मना दोनी कानांत सोनं घालाचंय, बाय."

"त्याच्या आत कान देते," मी म्हणाले. मी असा शब्द सहसा देत नाही.

त्यांचा उजवा कान स्कॅन केला आणि आरशात दिसतो तसा उलटा करून त्याचा डावा केला. मग रंग. कानाच्या कडेला उन्हाने रापलेला तांबूस, घडीत काळसर, पाळीला गुलाबी. चार दिवस लागले. शेवटी रंग एक्स्पोर्ट केला. म्हणजे मॉडेलवर रंगवलेली त्वचा सोलून सपाट अंथरावी, तसं एक चित्र तयार होतं. त्यावरून रंगाचा पातळ थर छापतात आणि तो सिलिकॉनवर बसवतात.

चित्रात कानाच्या पाळीवर लाल ठिपका होता. मॉडेलवर नव्हता.

पुन्हा एक्स्पोर्ट केलं. ठिपका होताच, कडेने किंचित सुजलेला. सॉफ्टवेअर कधीकधी घाण करतं. मी तो चित्रात पुसला आणि जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मावशी रंग जुळवायला आल्या. खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, "काल सकालपासून मच्छर चावल्यागत खाजवत होता, खालच्या पालीला. जेवनाच्या टायमाला एकदम थांबला. कुनी पुसून टाकल्यागत."

"कुठल्या कानाला?"

"ह्योच. जो नाय, तो." त्या हसल्या. "डाक्टर बोलतान, नसांना अजून ठाव नाय कान गेलाय त्यो."

मी त्यांच्या मानेच्या रंगाशी नमुने लावत राहिले.

सोमवारी मी बारीक बदल करून परत एक्स्पोर्ट केलं. या वेळी कानाच्या वरच्या वळणात काहीतरी चमकत होतं. मोठं करून पाहिलं. माशाचं खवलं. त्याच्यावरच्या रेषासुद्धा मोजता आल्या असत्या.

कल्पेशला फोन केला, मापाचं काहीतरी निमित्त काढून.

"आई घरी नाय, मॅडम. आज आठ महिन्यांनी पहिल्यांदा बाजारात बसलीय. पदर पण नाय घेतला."

ते खवलं पुसायला माझा हात धजावला नाही. छापायच्या वेळी बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आपोआप गेलं होतं.

शुक्रवारी, नऊ मेला, छपाईला फाइल द्यायची होती. सकाळी दहाला एक्स्पोर्ट केलं. कानाच्या मागच्या बाजूला काळा डाग होता. तिळाएवढा.

मावशींचे कागद माझ्या ड्रॉवरमध्ये होते. त्यातला ऑपरेशनआधीचा फोटो काढून पडद्याशेजारी धरला. तीच जागा.

पुसला. फाइल बंद करून उघडली. डाग होता, किंचित मोठा.

निकेशच्या मशीनवर करून पाहिलं. तसंच. तो घड्याळाकडे बघून म्हणाला, "असंच छाप ना. कानामागे कोण बघतंय?"

"मी बघतेय."

मी काय समजतेय हे त्याला सांगितलं नाही. मलाच नीट कळत नव्हतं. एवढंच ठरवलं होतं की हा डाग घेऊन कान या दारातून बाहेर जाणार नाही.

दुपारपर्यंत वीस वेळा पुसला. तो दर वेळी परत आला. वाटाण्याएवढा झाला, त्याच्या कडा दातेरी झाल्या. मग मी वरवर पुसणं सोडलं. शेजारची स्वच्छ त्वचा उचलून तिथे भरत गेले. ब्रश मऊ ठेवला, थरावर थर दिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. पाणी प्यायलाही उठले नाही.

चव्वेचाळिसाव्या वेळी चित्र स्वच्छ आलं.

फाइल बंद केली, उघडली. स्वच्छ. दहा मिनिटांनी परत उघडली. स्वच्छ. मी छपाईला दिली.

रविवारी दुपारी चार वाजता मी दिवाळ्याला गेले. दारात मांडव, तापलेले पत्रे, लावायला आलेले स्पीकर. आतल्या खोलीत मी कान चिकटवला, दोन मिनिटं दाबून धरला. मावशींनी आरशात पाहिलं. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग माझा हात घट्ट धरून बसल्या.

डाव्या कानात मी कुडी अडकवली. शोभली.

"आता ह्यो पन घाल गो बाय," त्यांनी उजवी बाजू पुढे केली.

मी उजवा कान हलकेच दुमडला.

मागे वाटाण्याएवढी गोल जागा होती. गुळगुळीत. छिद्रं नाहीत, लव नाही, रेषा नाही. कडा धूसर होत गेलेल्या, मऊ ब्रश सोडतो तशा. एप्रिलमध्ये याच कानाचं स्कॅन करताना मी इथे बोट फिरवलं होतं. साधी त्वचा होती.

त्या जागेवर बोट ठेवलं.

"मावशी, हे लागतंय?"

"काय? लाव ना हात."

हात लावलेलाच होता.

मी कुडी अडकवली. मळसूत्र फिरवलं. बाहेर बायका हळदीचं गाणं म्हणू लागल्या होत्या.

खोलीत पंखा होता, तरी उकाडा मरणाचा. मावशींच्या केसांतून घामाचा एक थेंब निघाला, कानामागून खाली उतरला, त्या जागेपाशी थांबला आणि तिला वळसा घालून मानेवर गेला.