झाकणावरचं एक्याण्णव

"मॅडम, माह्या ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन खाल्लं. तुमी फक्त तसं लिहून द्या. संध्याकाळी ठाण्यात तक्रार देऊन राहिलो मी."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. प्रेमिलाताई रामटेके यांचा चहा अजून अर्धा उरला होता. विमा कंपन्यांसाठी मोडक्या गाड्या तपासायच्या आणि अहवाल द्यायचा, हा त्यांचा बावीस वर्षांचा उद्योग. एवढ्या वर्षांत 'काय झालं ते बघा' म्हणणारे थोडे भेटले आणि 'हे लिहून द्या' म्हणणारे ढीगभर. दुसऱ्या प्रकारचा माणूस फोनवर आला, की त्यांचे कान आपोआप टवकारत.

फोन दादाजी हेडाऊंचा होता; त्यांची गाडी तपासायचं काम विमा कंपनीने प्रेमिलाताईंकडे दिलं होतं. गांधीबागेत साड्यांचा ठोक व्यापार, मनीषनगरला बंगला. तीन दिवसांपूर्वी वर्धा रोडच्या पुलाच्या चढावर त्यांच्या टर्बो गाडीचं इंजिन आवाज करून बंद पडलं आणि मागून येणारी व्हॅन धडकली. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी शोभाताई होत्या. त्यांचं उजवं मनगट मोडलं. गाडी चालवत होते धोंडबा गजभिये, हेडाऊंकडे अठरा वर्षांपासून ड्रायव्हर.

"त्यांनी केलं काय?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"चोरी. माहा पोरगा दुर्गेश टर्बोले पंच्याण्णव ऑक्टेनवालं महागाचं पेट्रोल टाकते. हा साधं टाकून राहिला. मी तर न विचारता पैसे देतो. वरचे कुठं गेले?"

"गाडी कुठे आहे?"

"बेसाले, पियूषच्या गॅरेजवर. दुर्गेशनंच नेऊन टाकली."

प्रेमिलाताईंनी चहा संपवला. गाडी दोन वर्षांची, वॉरंटी तीन वर्षांची. कंपनीचं वर्कशॉप त्या पुलाला लागूनच. मग बंद गाडी ओढून शहराच्या टोकाला बेसापर्यंत नेण्याची हौस कोणाला आली? मे महिना होता. त्यांनी ओढणी तोंडाला गुंडाळली आणि स्कूटी काढली.

पियूषचं गॅरेज नवंकोरं होतं. तेलाचे डाग कमी आणि लॅपटॉप जास्त. इंजिन उघडून ठेवलेलं होतं. टेबलावर एक पिस्टन होता, त्याच्या रिंगांमधली कड तुटलेली.

"सरळ केस आहे मॅडम," पियूष म्हणाला. "कमी ऑक्टेनचं पेट्रोल जास्त दाबाखाली वेळेआधी पेट घेते. टर्बोमध्ये दाब तर असतेच. मग इंजिन खडखडते. दुर्लक्ष केलं, की पिस्टन जाते."

"इंजिन उघडायला कोणी सांगितलं?"

"दुर्गेशभाऊंनी. घाई होती त्यांना."

"सर्व्हेच्या आधी?"

"मी काय बोलणार? ग्राहक आहेत जी." एवढं बोलून त्याने समोरचा लॅपटॉप मिटला. कोणी तो बघायला मागितला नव्हता.

लोक आधी बोनेट उघडतात, प्रेमिलाताई आधी पेट्रोलचं झाकण उघडत. आतल्या बाजूला कंपनीचा स्टिकर होता: ऑक्टेन ९१ किंवा त्याहून अधिक. त्यांनी टाकीतून थोडं पेट्रोल काढलं. गाळणकागदावर थेंब टाकला, तो डाग न ठेवता उडून गेला. काचेच्या नळीत घनता मोजली, तीही बरोबर निघाली. साधं पेट्रोल होतं, पण शुद्ध. भेसळ नव्हती, म्हणजे पंप सुटला.

उरला ड्रायव्हर. तो शोधावा लागला नाही. मनीषनगरला हेडाऊंच्या बंगल्यासमोर रस्त्याच्या पलीकडे, कडुलिंबाच्या तुटपुंज्या सावलीत धोंडबा बसून होते. पांढरा शर्ट इस्त्रीचा होता.

"तीन दिवस येऊन राहिलो जी," ते उठून म्हणाले. "आत घेत नाहीत."

"साधं पेट्रोल तुम्ही टाकत होता?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"काहून?"

"झाकणात लिहून आहे ना, एक्याण्णव. शोरूमवाल्यानंही तेच सांगितलं. मग महागाचं टाकून शेठजीचा पैसा काहून जाळू?"

"दुर्गेश पंच्याण्णव टाकतात, हे ठाऊक होतं?"

"मले कोणी सांगितलंच नाही. रविवारी गाडी त्यांच्यापाशी राहते."

"आवाज कधीपासून?"

"होळीच्या मागून. त्याच्या आधी दीड वर्ष काही म्हणजे काही नाही. अन् ताई, सोमवारी गाडी एकदम ठीक राहे. बुधवारी मी टाकी भरली, का चढावर खडखड. मले वाटलं पंपच खराब. तीन पंप बदलून पाहिले."

स्वतःच्याच गळ्यात अडकेल अशी गोष्ट हा माणूस आपण होऊन सांगत होता. प्रेमिलाताईंना वाईट वाटलं, आणि संशयही आला. फार साधा माणूस असं बोलतो किंवा फार पोचलेला.

"आवाजाचं कोणाला सांगितलं?"

"छोट्या शेठले. दोनदा. म्हणाले, टर्बोची गाडी आहे, आवाज करतेच."

ते परत कडुलिंबाखाली बसले. मग म्हणाले, "ताई, आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची चावी बारा वर्षं माह्यापाशी आहे. काल समितीवाले आले. म्हणाले, हे निपटेपर्यंत दुसऱ्यापाशी ठेवू. नोकरीचं जाऊ द्या. चावी मागाले आले ना, तवा मले रडू आलं."

बंगल्यात शोभाताई प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"धोंडबा कसे चालवतात?" प्रेमिलाताईंनी विचारलं.

"त्याच्या गाडीत मले झोप लागते. दुर्गेशच्या नाही वं बाई. आधी बरं होतं. आता पाय दाबला, का पाठ सीटले चिपकते. मी त्याले म्हटलं, काहून गा, नवी गाडी आणली का? तर हासला नुसता."

"हे कधीपासून?"

"होळीच्या आसपास."

तेवढ्यात दुर्गेश आला. तिशीचा, घड्याळ मोठं, बोलणं झटपट.

"तुम्ही कोणतं पेट्रोल टाकता?"

"पंच्याण्णव. नेहमी."

"नेहमी म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"नाही... मार्चपासून वगैरे."

"का बदललं?"

"टर्बोला तेच लागतं. कोणालाही विचारा."

"झाकणात एक्याण्णव लिहिलंय."

"ते कमीत कमी असतं."

"बरोबर. दीड वर्ष तेवढ्यावर चालली. मग मार्चमध्ये काय झालं?"

दुर्गेशने खांदे उडवले.

"धोंडबांना सांगितलं का, की पंच्याण्णव टाका म्हणून?"

"ड्रायव्हर आहे तो. त्याला कळायला पाहिजे."

"त्यांनी आवाजाचं तुम्हाला सांगितलं होतं."

"आठवत नाही."

"आणि गाडी बेसाला का नेली?"

"कंपनीवाले लुटतात."

"वॉरंटीतल्या गाडीला?"

दुर्गेशला तेवढ्यात मोबाइलवर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

बाहेर येऊन प्रेमिलाताईंनी कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावला आणि गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा तंत्रज्ञ दुपारी बेसाला मागवला. मग दादाजींना सांगितलं, "चार वाजता गॅरेजवर या. मुलाला आणा. धोंडबांनाही मी बोलावलंय."

"त्याले कायले?"

"तक्रार त्यांच्यावर आहे ना? मग ऐकू द्या."

चार वाजता दादाजी आले ते तक्रार टाइप करूनच. कूलरसमोर ते आणि दुर्गेश खुर्चीवर बसले. धोंडबा दाराशी उभे राहिले. बसा म्हणायचं कोणाला सुचलं नाही, तेव्हा प्रेमिलाताईंनी स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले नाहीत.

"साधं पेट्रोल कोणी टाकलं, हा प्रश्न सगळे विचारत होते," प्रेमिलाताईंनी सुरुवात केली. "त्याचं उत्तर धोंडबांनी विचारताक्षणीच दिलं. मला दुसराच प्रश्न पडला. महागाचं कोणी टाकलं, आणि कशाला?"

"गाडीच्या भल्यासाठी," दुर्गेश म्हणाला.

"ही गाडी एक्याण्णववर चालायला बनवली आहे. कधी खडखड झालीच, तर तिचा कॉम्प्युटर ती ऐकतो आणि ठिणगी जरा उशिरा देतो. ओढ थोडी कमी होते, इंजिन वाचतं. म्हणून दीड वर्ष काही झालं नाही. मग होळीनंतर त्याच पेट्रोलने त्याच इंजिनाला मार बसायला लागला. पेट्रोल मी तपासलं, चांगलं आहे. धोंडबांनी तीन पंप बदलले, फरक पडला नाही. ड्रायव्हर तोच. मग बदललं काय?"

प्रेमिलाताईंनी टेबलावरचा तुटका पिस्टन उचलला.

"गाडी बदलली. शोभाताईंच्या पाठीला ते कळलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम कोणीतरी काढून दुसरा घातला. टर्बोचा दाब वाढवला, ओढ वाढवली, आणि खडखड ऐकून इंजिन जपण्याची सोय कमी केली. असं केल्यावर एक्याण्णव पुरत नाही, पंच्याण्णवच लागतं. झाकणावरचा आकडा त्या दिवसापासून खोटा झाला. पण हे ज्याने करून घेतलं, त्याच्याशिवाय ते कळणार कोणाला? आणि त्याच महिन्यात एकाच माणसाने आपलं पेट्रोल बदललं."

दादाजींनी मुलाकडे पाहिलं. "दुर्गेश?"

"अंदाज आहेत हे सगळे, बाबा."

"अंदाजच होते," प्रेमिलाताई म्हणाल्या, "दुपारी दोनपर्यंत. कॉम्प्युटरमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला, याची नोंद पुसता येत नाही. ह्या गाडीत तीन नोंदी आहेत. पहिली कारखान्यातली. दुसरी होळीच्या आठवड्यातली. तिसरी अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची, मूळ प्रोग्रॅम परत घातल्याची. त्या दिवशी गाडी कुठे होती, पियूष?"

पियूषचा रंग उडाला. त्याने दुर्गेशकडे पाहिलं, मग मिटलेल्या लॅपटॉपकडे. "भाऊ म्हणाले होते, पुसून टाक. मी दोन्ही वेळा त्यांच्याच सांगण्यावरून केलं जी. पंच्याण्णवच टाकायचं, हे मी शंभर वेळा बजावलं होतं."

"म्हणूनच गाडी कंपनीच्या वर्कशॉपला गेली नाही. तिथे पाच मिनिटांत कळलं असतं. दुर्गेश, धोंडबांनी दोनदा आवाजाचं सांगितलं, तेव्हाच तुम्हाला समजलं होतं, की टाकीत साधं पेट्रोल जातंय. तरी तुम्ही गप्प राहिलात."

"मला वाटलं, चालून जाईल," दुर्गेश हळू आवाजात म्हणाला. "बाबांना कळलं असतं तर गाडी हातात दिली नसती. आणि मग आईचा हात मोडला... तेव्हा तर बोलायची सोयच राहिली नाही."

दादाजींच्या हातातला कागद खाली आला. "अन् तू माह्याकडून ह्याच्यावर तक्रार लिहून घेतली?"



एवढा वेळ दाराशी उभे असलेले धोंडबा दोन पावलं पुढे आले. आवाज चढलेला नव्हता.

"भाऊ, मले काहून नाही सांगितलं?"

"तू बाबांना सांगितलं असतं."

"मी?" धोंडबा त्याच्याकडे बघतच राहिले. "तुमी अकरावीत शेठजीची स्कूटर नालीत घातली होती. शेठजीले आजपर्यंत वाटते, का मी घातली. शिव्या मी खाल्ल्या. तवा सांगितलं का मी?"

दादाजींनी झटकन मान वळवली. हे त्यांनाही नवीन होतं.

"एकदा म्हणाले असते, धोंडबा, पंच्याण्णव टाकत जा. मी काहून म्हणूनही विचारलं नसतं. बाईचा हात वाचला असता."

कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि पंखा कोरडाच फिरत होता. दादाजींनी तक्रारीचे दोन तुकडे केले, त्याचे चार केले आणि ते कुठे टाकायचे हे न कळून मुठीत धरले.

"धोंडबा, उद्यापासून ये गा," ते म्हणाले. "झालं ते झालं."

"नाही जी."

"पगार वाढवून देतो."

"पगाराचं नाही, शेठजी. अठरा वर्षांत मले विचाराचं काम एकदाच पडलं, अन् तुमी विचारलं नाही. उद्या तुमच्या घरी कपबशी जरी फुटली, तरी तुमी आधी माह्याकडंच पाहसान. ते आता मले ठाऊक झालं." त्यांनी प्रेमिलाताईंना हात जोडले. "बाईले सांगा, हात जपा म्हणा."

ते बाहेर पडले. प्रेमिलाताईंना वाटलं होतं, दादाजी मुलावर ओरडतील. ते ओरडले नाहीत. उठले आणि तसेच, डोक्याला काही न बांधता, उन्हात धोंडबांच्या मागे गेले.

गॅरेजच्या दारातून दोघं दिसत होते. बेसाच्या त्या तापलेल्या रस्त्याच्या कडेला दादाजी हात हलवून काहीतरी सांगत होते, पुन्हा पुन्हा सांगत होते. धोंडबा ऐकत होते, पण बघत होते रस्त्याकडे. ऑटो आला तेव्हा ते एकटेच त्यात बसले.