मार्लीनच्या अंगणातला जोसेफ

कॅलिफोर्नियात, स्टॉकटनमधल्या आमच्या गल्लीतली सगळी घरं एकाच साच्यातली. २०१० च्या उन्हाळ्यात त्यांतली निम्मी कर्ज थकल्यानं रिकामी होती आणि बँका वाळक्या हिरवळीवर हिरवा रंग फवारून घेत होत्या.

घरांना कर्जाइतकी किंमतच उरली नव्हती. म्हणून सरकारनं योजना आणली. येईल त्या भावाला घर विकायचं, उरलेलं कर्ज बँकेनं सोडून द्यायचं. लिलावाची नामुष्की टळायची. आमचा अर्ज बँकेनं दोनदा हरवला. शेजारच्या मार्लीनचा पहिल्या फटक्यात मंजूर. एकटी बाई, ना नवरा ना पोर. माझा नुसता जळफळाट झाला.

"तिनं अंगणात संत जोसेफचा पुतळा पुरलाय," माझा नवरा ड्वेन हसत म्हणाला. "डोकं खाली, पाय वर. घर लवकर खपतं म्हणे. तूही पूर एखादा."

"पुरते की. आधी तुला."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी रविवारी ती चर्चला गेल्यावर मी तिचा तो वीतभर पुतळा उकरून काढला आणि आमच्या खिडकीखाली पुरला. ऊन रणरणत होतं, पण पुतळ्याभोवतीची माती बर्फासारखी गार लागली.

सोमवारी बँकेचा फोन आला. आमचा अर्ज मंजूर. मार्लीनचा काही कारण न देता फेटाळला. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी ड्वेनचे बूट मार्लीनच्या पायरीवर दिसले. नळ दुरुस्त करायला गेला असेल.

सकाळी न्हाणीघरात त्याचा वस्तरा नव्हता. कपाटात फक्त माझे कपडे होते.

मी तिचं दार वाजवलं.

"ड्वेन कुठाय?"

"जेवतोय," मार्लीन म्हणाली. "का गं, काही काम होतं?"

तिच्यामागे भिंतीवर लग्नाचा फोटो होता. ड्वेन आणि ती.

मी धावत येऊन खिडकीखाली खणलं. नखं तुटली. पुतळा नव्हता.

घर सोडायचा दिवस आला. मार्लीनच्या दारावर लिलावाची नोटीस लागली होती. ड्वेननं येऊन माझी जड बॅग गाडीत ठेवून दिली.

"एकट्याच निघालात का?" त्यानं अदबीनं विचारलं.

मी गाडीचं दार उघडलं.

"सुटलात बघा तुम्ही," तो म्हणाला. "बायको माझी फार जळते तुमच्यावर."