तीन आकडे, नऊ वाफे

पहिल्या दालनातल्या टोमॅटोने माना टाकल्या होत्या, तिसऱ्या दालनातली नाचणी चिखलात उभी होती, तरी बंबू नावाचा यंत्रमानव छातीठोकपणे सांगत होता, "माझं गणित बरोबर आहे!"

चंद्रावरच्या त्या वसाहतीत तीन दालनं होती आणि प्रत्येकात नाचणी, मेथी, टोमॅटोचा एकेक वाफा. पाण्याचं काम अकरा वर्षांच्या शाल्मलीने हट्टाने मागून घेतलं होतं. टोमॅटो गेले, तर ते काम पुन्हा मोठ्यांकडे जाणार.

"आजोबा, तुम्हीच बंबूला घडवलंत. तुम्हीच दुरुस्त करा ना!"

"छे! तू त्याला काय दिलंस ते आधी दाखव."

शाल्मलीने पडद्यावर सारणी (ओळी-स्तंभांत मांडलेले आकडे) उघडली. आडव्या ओळी पिकांच्या, उभे स्तंभ दालनांचे. प्रत्येक चौकोनात त्या वाफ्याचा ओलावा. शिवाय किमान ओलाव्याची एक आडवी ओळ: नाचणीला वीस, मेथीला चाळीस, टोमॅटोला साठ. ओलावा याहून कमी असेल, तर बंबूने पाणी द्यायचं.

"वाफे नऊ आणि आकडे तीनच?" आजोबांनी मुद्दाम डिवचलं.

"बंबू ती एकच ओळ सगळ्या ओळींवर पसरतो, मग एकेक चौकोन ताडून पाहतो. याला प्रसारण (लहान मांडणी मोठीवर पसरून लावणे) म्हणतात."

"बरं. मग पहिल्या दालनातल्या टोमॅटोच्या वाट्याला कोणता आकडा आला?"

शाल्मलीने बोट ठेवलं. ओलावा पन्नास आणि त्याच्यासमोर... वीस!

"अय्या! टोमॅटोला नाचणीचा आकडा लागला. आणि तिकडे तिसऱ्या दालनात नाचणीला टोमॅटोचा! आकडे पिकांचे होते, पण ते पसरले दालनांवर. पण मग बंबू अडला का नाही?"

"पिकं तीन, दालनंही तीन. माप जुळलं, की तो खूश. अर्थ आपणच बघायचा असतो."

शाल्मलीने तिन्ही आकडे एकाखाली एक, उभे मांडले. आता प्रत्येक आकडा आपल्याच पिकाच्या ओळीत आडवा पसरला. चौकोनांत "होय" आणि "नाही" उमटले. टोमॅटोसमोर "होय" आलं आणि नळ सुटला.

थोड्या वेळाने पानं ताठ होऊ लागली. आजोबांचा ऊर अभिमानाने भरून आला.

"पुढच्या वर्षी इथे शंभर दालनं होणार," ते म्हणाले. "पाण्याचं काम कुणाला द्यावं म्हणतेस?"

"मलाच! आणि आजोबा, आकडे हे तीनच पुरतील."