पंचाहत्तरावी पेशी

प्रयोगशाळेच्या तळघरात गाठींचे पातळ काप काढणाऱ्या यंत्राची खर्र खर्र.

प्लोवदिवमधल्या एका दारावर, तिथल्या रिवाजाप्रमाणे चिकटवलेलं, इस्क्राच्या आईच्या मृत्यूचं पत्रक. फोटोतला चेहरा उन्हाने उडालेला.

भाजलेल्या लाल मिरच्यांच्या अकरा बरण्या, ताईने शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात भरलेल्या.

मेणाचा ठोकळा. नंबर तेवीस.

त्या मेणात इस्क्राच्या थोरल्या बहिणीची, नेवेनाची गाठ होती. अंडाशयाचा कर्करोग, पोटभर पसरलेला. नवं औषध मिळायचं तर शंभरातल्या निदान पंचाहत्तर पेशींनी तपकिरी रंग धरायला हवा होता. डॉ. पेंचेव यांनी मोजल्या. चौऱ्याहत्तर.

"एका पेशीवरून?" इस्क्रा म्हणाली. अठरा वर्षं ती त्यांच्या हाताखाली काचपट्ट्या रंगवत होती.

"नियम मी केलेला नाही, बाई."

"मोडलाही नाहीत कधी."

तिने ठोकळ्याचा नवा काप काढला. रंगाची नवी बाटली फोडली. चौऱ्याहत्तर. तिसरा काप. चौऱ्याहत्तर.

"दारावर माझा लग्नातला फोटो लाव," घरी नेवेना म्हणाली. "हॉस्पिटलातला लावलास तर मानगुटीवर येऊन बसेन."

"गप्प बस, ताई."

मंगळवारी इस्क्राने लबाडी केली. दुसऱ्या एका बाईच्या गाठीत शंभरातल्या नव्वद पेशींनी रंग धरला होता. तिच्या कापावर तेवीसची चिठ्ठी डकवली. पेंचेव सूक्ष्मदर्शकावर वाकले. बोटाखालचं मोजणीयंत्र टिकटिकत राहिलं.

"चौऱ्याहत्तर."

इस्क्राने काच ओढून घेतली. हा माणूस बघतच नाही. तोंडपाठ आकडा फेकतो आणि माणसं मारतो.

दुसऱ्या दिवशी तिने कोरी काच दिली. ना काप, ना रंग. आता सापडतो कसा नाही, बघू.

टिक. टिक. टिक.

"चौऱ्याहत्तर," ते म्हणाले आणि डोळे चोळले. "ही पुन्हा आणू नकोस."

"सरका."

ते सरकले.

तिने डोळा लावला.

तपकिरी कडांच्या पेशी, दाटीवाटीने, काचभर.

तिने मोजल्या. मग पंचाहत्तरावी शोधत राहिली.

काच काढून खिडकीशी धरली. पलीकडचं झाड स्वच्छ दिसलं.

प्रयोगशाळेच्या वहीत तेवीस नंबरपुढे चौऱ्याहत्तर हा आकडा इस्क्राच्या अक्षरात आहे, तारीख नऊ ऑगस्ट. नेवेनाची गाठ काढली ती त्यानंतर, दोन ऑक्टोबरला.