न जुळलेली मुद्रा

साक्षीदार किती आहेत हे मोजणे सोपे असते. त्यांच्यापैकी कितीजणांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, हे विचारण्याचे धैर्य मात्र फार थोड्यांना होते. आणि जो विचारतो, त्याला पुष्कळदा एकट्यानेच उभे राहावे लागते.

ऊर्मिला खांबेटे लघुग्रहांच्या पट्ट्यातील बाराव्या वेधशाळेत सहा वर्षे राहत होती. अशा वीस वेधशाळा होत्या आणि प्रत्येकीत एकच माणूस. त्या सर्वांचा श्वास ज्या आज्ञांवर चालत असे, त्या आज्ञांच्या लायब्ररीचे, म्हणजे संगणकीय संग्रहाचे, नाव होते वायुसंहिता. तिच्यावर कोणाचीही मालकी नव्हती. तिची मूळसंहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणीही वाचावी आणि सुधारावी, हाच तिचा धर्म होता. परंतु माणसाने वाचायची मूळसंहिता यंत्राला कळत नाही. तंत्रज्ञ ज्याला कंपायलर म्हणतात तो संकलक तिला यंत्राच्या भाषेत उतरवतो. म्हणून नियम असा होता, की नवी आवृत्ती निघाली की प्रत्येकाने ती आपापल्या जागी मूळसंहितेपासून बांधावी, चाचण्या घ्याव्यात आणि तयार झालेल्या रूपाची चौसष्ट अक्षरी मुद्रा सर्वांना कळवावी. आत एका अंकाचा जरी फरक पडला तरी मुद्रा पार बदलते. मुद्रा जुळल्या तरच आवृत्ती बसवायची.

गेल्या महिन्यात शेजारच्या वेधशाळेतील जयवंत मोकल झोपेतच गेला. हवेत दूषित वायू साचला होता आणि वायुसंहितेने झडप उघडली नव्हती. सर्वांनी मूळसंहिता ओळ न् ओळ वाचली. दोष सापडला नाही. तरीही सावधगिरी म्हणून एक जादा तपासणी घालून नवी आवृत्ती सिद्ध झाली. ऊर्मिलेने ती बांधली. चार हजार चाचण्या निर्वेध पार पडल्या. उरलेल्या अठराही वेधशाळांच्या मुद्रा तिच्या मुद्रेशी तंतोतंत जुळल्या.

जुळली नाही ती एकच, पृथ्वीवरून आलेली. संगमेश्वरचे निवृत्त शिक्षक विश्वनाथ पाध्ये हौसेने दरवेळी वायुसंहिता बांधून पाहत असत.

पहिल्या वेधशाळेतून समन्वयक भास्कर रणपिसे बोलले, "खांबेटेबाई, एकोणीस विरुद्ध एक. म्हातारबुवांचं यंत्र त्यांच्याहून म्हातारं झालं असेल. उद्या दुपारी आवृत्ती बसवतोय."

"काकांची मुद्रा याआधी कधी चुकली होती?"

"मग आता चुकली. तुम्ही एकट्या राहून फार विचार करता, बाई."

"आणि तुम्ही कोणाबरोबर राहता, रणपिसेसाहेब?"

"माझ्याकडे टोमॅटोचं रोप आहे. ते वाद घालत नाही."

ऊर्मिला हसली, परंतु तिने पाध्यांना संदेश पाठवला. वेधशाळा आपसांत लगेच बोलू शकत, परंतु पृथ्वीवर शब्द पोहोचायला पंचवीस मिनिटे लागत आणि परत यायला तितकीच.

"ऊर्मिलाताई, चूक नाही," पाध्यांचा संथ आवाज आला. "या खेपेला मी तुमचा संकलक वापरलाच नाही. तो तुम्हाला मिळाला कुठून?"

"अकराव्या वेधशाळेकडून, काका. नवी वेधशाळा उघडली की शेजारची आपला संकलक भेट देते. आमच्याकडे तशी रीतच आहे."

पुन्हा पन्नास मिनिटे गेली.

"आणि अकरावीला दहावीने दिला. म्हणजे विरजण! एका घरचं विरजण वीस घरी गेलं. आजवर मीही तेच लावत होतो. ते मुळात बिघडलेलं असेल, तर सगळ्यांचं दही एकाच चवीचं बिघडणार. आणि आपण एकमेकांची वाटी चाखून म्हणणार, वा, जुळलं!"

"पण संकलकाचीही मूळसंहिता आम्ही वाचली आहे. ती निर्दोष आहे. शिवाय चाचण्या आहेत."

"ती मूळसंहिता बांधली कशानं? जुन्या संकलकानंच ना? त्यानं आपला दोष नव्याच्या पोटात घातला, तर कागदावर दिसेल कुठून? चाचण्याही त्यानंच बांधलेल्या. पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकच. चाळीस वर्षं मास्तरकी केली मी. असे शंभर टक्के निकाल पाहिलेत. मी तीन वर्षं खपून नवा संकलक उभा केला, यंत्राला थेट कळणाऱ्या चारशे बारा आकड्यांच्या बीजापासून. वहीच्या पानांचे फोटो धाडतो. एकेक आकडा समजून घ्या, मगच स्वतःच्या हातानं घाला. माझ्यावर विसंबू नका. विसंबलात, तर आपण पुन्हा एकच होऊ."

सहा वर्षे रोज चहा घेताना ऊर्मिला शेजाऱ्यांच्या मुद्रा वाचत आली होती, जयवंत होता तोवर एकोणीस, आता अठरा. अठरा शेजारी, अठरा दिवे. आज तिला कळले, की ती विहिरीत हाक मारत होती आणि आपलाच आवाज अठरा वेळा ऐकत होती. इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाचा म्हणावा असा एकच स्वर आला होता, आणि तो न जुळणारा होता.

तिने एक कोरे यंत्र काढले. चारशे बारा आकडे एकेक समजून घेत हातांनी घातले. त्या बीजातून एक छोटा संकलक बांधला, त्यातून मोठा, त्यातून आणखी मोठा. अठरा तासांनी वायुसंहिता बांधून झाली आणि मुद्रा उमटली. ती पाध्यांच्या मुद्रेशी अक्षरशः जुळत होती.

मग तिने दोन्ही रूपे शेजारी ठेवली. फरक एकाच ठिकाणी होता. हवेच्या दोन संवेदकांचे, म्हणजे सेन्सरचे, आकडे एकसारखे आले, की जुन्या संकलकाने बांधलेले रूप तपासणी अनावश्यक मानून झडपेची आज्ञाच गाळत असे. जयवंतच्या खोलीत दोन्ही संवेदक खरे बोलले होते. एकमताने बोलले, म्हणून कोणी ऐकले नाही. आणि नव्या आवृत्तीतील जादा तपासणीही तशीच गळून गेली होती.

तिने आपली नवी मुद्रा सर्वांना पाठवली.

त्याच क्षणी वेधशाळांना जोडणाऱ्या जाळ्याने तिला बाहेर काढले. यात कोणाचा द्वेष नव्हता. जिची मुद्रा बहुमताशी जुळत नाही ती वेधशाळा अविश्वसनीय, आणि तिच्याकडून काहीही स्वीकारायचे नाही, हा नियम तिनेच कधीकाळी लिहिला होता. पुरावा तिच्यापाशी पडून राहिला. आवृत्ती बसायला दोन तास उरले होते.

आणीबाणीची ध्वनिवाहिनी तेवढी कोणाला बंद करता येत नसे. ऊर्मिलेने ती उघडली, काय सापडले ते थोडक्यात सांगितले आणि कोऱ्या यंत्रावर घालण्यासाठी बीजाचे आकडे, त्यांच्या अर्थासह, एकामागून एक वाचू लागली. शंभर झाले. पलीकडे केवळ खरखर होती. दीडशे झाले. कोणी ऐकत आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. तरी ती थांबली नाही.

"बाई, जरा सावकाश," रणपिसेंचा आवाज आला. "एकशे तिसावा पुन्हा सांगा. त्याचा अर्थ मला पटलेला नाही, आणि पटल्याशिवाय घालणार नाही. आवृत्ती दोन दिवस पुढे ढकलली आहे. माझी मुद्रा तुमच्याशी नाही जुळली, तर मात्र सर्वांसमोर भांडेन."

"भांडा," ऊर्मिला म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अवश्य भांडा." मग तिने एकशे तिसावा आकडा पुन्हा वाचला.

त्या दोघांच्या हातून एकही आकडा न चुको. आणि त्या विराट अंधारात विखुरलेल्या एकोणीस एकाकी छातींत उद्याचाही श्वास सुखाने येवो, सुखाने जावो.