चादरीचं दुसरं टोक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. वेळ रात्रीची नव्हती. रविवार, भरदुपारी दोन वाजून दहा मिनिटं. जागा, आमच्या रुग्णालयाचा तिसरा मजला, शेवटची खोली.

मी तिथे मदतनीस आहे. रुग्णांना उठवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं. वय पंचवीस, कंबर मात्र पंचाहत्तरीची.

आईचं एकच पालुपद. "नर्सिंगचा फॉर्म भर. किती दिवस लोकांची अंगं उचलणार?"

तिला कसं सांगू, आमच्या सिस्टरही गणवेशाच्या आत कमरेला पट्टा बांधतात! फॉर्म महिनाभर पिशवीत पडून होता. सोमवारी शेवटची तारीख.

शेवटच्या खोलीत सुतारकाका होते. आडदांड देह, लकवा झालेला. आठ महिन्यांत तोंडातून शब्द नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना वळवायचं. अंगाखाली आडवी चादर. दोघींनी दोन बाजूंनी धरायची, एक-दोन-तीन म्हणून ओढायची.

दुसरी बाजू लवंगीची. माझी जोडीदारीण, चणीने एवढीशी, पण तिखट. त्या आठवड्यात ती रजेवर होती.

"सिस्टर, एकटीने नाही हो जमत."

"मला कळत नाही का? पण माणूस आणू कुठून? कर गं कसंतरी."

गुरुवारी गेले कसंतरी करायला. चादरीची कड मुठीत गुंडाळली.

"एक... दोन..."

"तीन."

आवाज पलंगाच्या पलीकडून आला...

सुतारकाका कापसासारखे वळले.

पलीकडे कोणी नव्हतं. चादरीचं दुसरं टोक मात्र हवेतून... हळूच खाली टेकलं.

घाबरले. पण खरं सांगू? कमरेत कळ आली नाही, हेच आधी जाणवलं. शुक्रवारी, शनिवारी मी ब्रही काढला नाही. मी दोन म्हणायचे, पलीकडून तीन. आयती मदत कोण नाकारेल?

रविवारी दोन-दहाला काका वळले. मी मूठ सोडली...

सुटेना.

चादर ताठ होती. बोटं तिच्या पिळात अडकलेली, आणि पीळ आवळत चाललेला. बेलचं बटण काकांच्या उशीपलीकडे. ना सरळ होता येत होतं, ना खाली बसता.

"सिस्टर!"

बाहेरून औषधांची गाडी खडखडत गेली. थांबली नाही.

आणि पलीकडून मोजणी सुरू झाली...

"एक..."

या वेळी ओढ काकांना नव्हती. मला होती. माझं पोट पलंगाच्या कठड्यावर आपटलं.

"दोन..."

पाय जमिनीवरून सुटले.

तेवढ्यात काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही... पलीकडे पाहिलं. आणि आठ महिने मुक्या असलेल्या घशातून खरखर आली.

"पोरीला सोड. मी आहे ना."

चादर सैल पडली. मी फरशीवर.

सिस्टर धावत आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्या काळ्यानिळ्या बोटांकडे पाहिलं.

"दमलीस बाई तू. घरी जा. पंधरा दिवस येऊ नकोस."

सोमवारी फॉर्मची तारीख गेली. बोटांत पेन धरवेना. आई हळहळली. मला वाईट वाटलं की हायसं, ते अजूनही सांगता येत नाही.

काल लवंगीचा फोन आला. ती कामावर रुजू झाली होती.

"अगं, काकांना काय शिकवून गेलीस? मी वळवायला जावं, तर हे आधीच वळलेले! आठ दिवसांत एकदाही हात लावावा लागला नाही."

"आणि... ते कसे आहेत?"

तिने आवाज खाली आणला.

"झोपत नाहीत गं. नजर सारखी एकाच बाजूला. मी जायला निघाले की पदर धरतात. त्यांचा तो हात हलत नव्हता ना?"

मी फोन ठेवला.

त्यांनी माझ्यासाठी काय कबूल केलं, मला ठाऊक नाही. मी जायला हवं, एवढं कळतं.

आज सकाळी रजा वाढवून मागितली.